निघा

गहिनीनाथराव गाडीत मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसले, दार ओढून घेतलं, लाल फडक्यात गुंडाळलेला कोयता मांडीवर आडवा ठेवला आणि म्हणाले, "चल." गाडी हलली नाही. काचा वर होत्या, त्यामुळे गल्लीतले आवाज पाण्याखालून यावेत तसे येत होते. समोरच्या सीटच्या पाठीवर धुतलेला पांढरा टॉवेल होता. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा म्हणाले, "चल बे," आणि मग त्यांना दिसलं की पुढं कुणीच नाही. स्टिअरिंगच्या मागं रिकामी सीट होती. पप्पू मागच्या आठवड्यातच सोडून गेला होता. पाया पडून, "अण्णा, पोरं मोठी झाली, बघावं लागतं," असं म्हणून नव्या आमदाराच्या गाडीवर गेला होता. गहिनीनाथरावांनीच त्याला नारळ देऊन निरोप दिला होता. म्हणजे हे त्यांना माहीत होतं. डोक्याला माहीत होतं. पायांपर्यंत अजून पोचलं नव्हतं. पाय सवयीनं पायऱ्या उतरले, डावीकडं वळले, हातानं मागचं दार उघडलं, आणि सगळं शरीर नेहमीच्या जागी येऊन बसलं.

लगेच उतरावं असं त्यांना वाटलं नाही. समोरच्या काचेतून त्यांची अंबाजोगाईची गल्ली सरळ दिसत होती, विजेचा खांब, दवाखान्याची पाटी, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, आणि हे सगळं त्यांना थोडं अनोळखी वाटत होतं, कारण या काचेच्या मधोमध कायम पप्पूची मान असायची. त्याच्या आधी दुसऱ्या कुणाची मान. आमदार झाल्यापासून त्यांनी रस्ता असा कधी पाहिलाच नव्हता. जे पाहिलं ते डाव्या खिडकीतून, बाजूनं सरकत जाणारं: माणसं, हारवाले, बाभळी, हात वर केलेली माणसं, पुन्हा बाभळी. मंत्री असताना पुढं आणखी एक गाडी असायची आणि तिच्या भोंग्यामुळं रस्ता आपोआप मोकळा व्हायचा. आपण कुठं चाललोय हे त्यांना बहुधा पोचल्यावर कळायचं.

काचेवर बांगड्या वाजल्या. बाहेर जानकीबाई उभ्या होत्या, हातात कापडी पिशवी, पायांत चपला. "अवं, चालवनार कोन हाय?"

त्यांनी काच खाली केली. "युवराजला फोन लाव. कुनाला तरी पाठीव म्हनावं."

"त्यो बीडला हाय. तितनं मानूस यीस्तोवर दुपार हुईल. उतरा. धारूरवरनं जानारी यष्टी हाय आत्ता."

"यष्टीनं?"

"मंग काय इमानानं?" जानकीबाईंनी दार उघडून धरलं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्यासाठी दार खूप जणांनी उघडलं होतं, पण जानकीबाईंनी उघडल्याचं त्यांना आठवेना.

तेलगावला पोचणं आज चुकवून चालणार नव्हतं. दसरा होऊन गेला होता, कारखान्यांचे बॉयलर पेटले होते, आणि तरी या भागातल्या ऊसतोड कामगारांच्या ट्रॉल्या तेलगावच्या मोकळ्या मैदानात उभ्या होत्या. संपाबाबत कारखाने आणि संघटना यांच्यात समझोता झाला होता. तो मान्य आहे हे सांगायची एक पद्धत होती. गहिनीनाथरावांनी तरुणपणी संघटना बांधली तेव्हापासून ती पडली होती. अण्णांनी स्टेजवर उभं राहून कोयता वर उचलायचा आणि एकच शब्द म्हणायचा: "निघा." मग जमिनीवर बसलेल्या बाया उठायच्या, पाठोपाठ पुरुष उठायचे, आणि ट्रॉल्या पश्चिमेकडं चालू लागायच्या. तोपर्यंत एक माणूस जिल्ह्याबाहेर जायचा नाही. मंत्रिपद आलं आणि गेलं, दोन निवडणुकांत पडले, पण हा मान राहिला होता. काल संध्याकाळी कारखान्याच्या चेअरमनचा फोन आला तो त्यासाठीच. चेअरमन गोड बोलत होते. दरवाढ मान्य आहे म्हणाले, पण बायकांची ती मागणी तेवढी यंदा मध्ये आणू नका. उद्या कोयता उचला, आणि युवराजच्या जिल्हा परिषदेच्या तिकिटाचं माझ्याकडं लागलं. गहिनीनाथराव म्हणाले होते, "उचलतो."

बसमध्ये आमदारांसाठी राखीव अशी अक्षरं असलेल्या खिडकीखाली कॉलेजची एक मुलगी मांडीवर दप्तर घेऊन झोपली होती. गहिनीनाथराव त्या सीटपाशी थांबले. कंडक्टरनं त्यांच्याकडं पाहिलं, मग मुलीकडं, मग पुन्हा त्यांच्याकडं; कुठंतरी पाहिल्यासारखं त्याला वाटत असावं. "झोपू द्या तिला," जानकीबाई म्हणाल्या आणि पुढं होऊन मागच्या चाकावरच्या सीटवर बसल्या. चाकाच्या फुगवट्यामुळं तिथं गुडघे छातीशी घ्यावे लागत होते. कंडक्टर आला तेव्हा गहिनीनाथरावांनी माजी आमदाराचा पास दाखवला. "अण्णा व्हय!" तो म्हणाला. "म्हनलं चेहरा वळकीचा हाय. गाडी बिघाडली जनू?"

"गाडी चांगली हाय," जानकीबाई म्हणाल्या.

आडस गाव मागं गेलं. शेतात कापूस फुटला होता. बसच्या पत्र्याचा थरथराट कोयत्यातून मांडीला जाणवत होता, मुंग्या आल्यासारखा. हा कोयता जानकीबाईंचा होता. लोकांना वाटायचं अण्णांचा. पोस्टरवर, स्वागताच्या कमानीवर, संघटनेच्या झेंड्यावर तोच होता. पण पहिल्या सभेच्या दिवशी त्यांचा स्वतःचा कोयता दांडा निसटला म्हणून लोहाराकडं होता आणि स्टेजवर चढता चढता त्यांनी जानकीबाईंच्या हातातला ओढून घेतला होता. फोटो निघाला, मग तोच ठरला. त्याच्या दांड्यावर अजूनही जानकीबाईंच्या बोटांच्या जागी खोलगट झिजलेलं होतं. गहिनीनाथरावांची मूठ मोठी, ती त्या खाचांत कधी नीट बसली नाही. मुंबईत मंत्र्याच्या बंगल्यावर हा कोयता शोकेसमध्ये ठेवायचं ठरलं होतं, तर एकदा तो तिथं दिसेना. शोधाशोध झाली. तो स्वयंपाकघरात फ्रीजच्या मागं निघाला. जानकीबाई त्यानं नारळ फोडत होत्या. सरकारी आचाऱ्याच्या सुरीनं फुटत न्हाई म्हणाल्या.

राजश्री महिन्यापूर्वी घरी आली तेव्हा हा कोयता समोरच्याच भिंतीवर होता. ही पोरगी संघटनेत नवीन. ऊसतोडणीच्या फडातच जन्मलेली, अंबाजोगाईला कॉलेज करून परत गावी गेलेली. बोलताना नजर खाली घालत नव्हती. कोयत्याकडं बघत म्हणाली, "अण्णा, माझी आई अर्धा कोयता हाय." त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती, पण तिनं सांगितलंच. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. नाव नवऱ्याचं. तो मोळ्या तोडणार, ती बांधणार, डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणार, पण मोजायचं एकच. आणि नवरा मेला की बाई अर्धी. "बाप गेला त्या सालापासनं तिला कुनी मुकादम नेईना. दुसरं अर्दं कुटंय, इचारत्येत. यंदाच्या करारात बाईचा कोयता येगळा धरायला लावा. आमी दुसरं काय मागत न्हाई."

"बघू," गहिनीनाथराव म्हणाले होते. या शब्दावर त्यांचं मंत्रालयातलं सगळं काम चाललं होतं. तो होकार नसतो आणि नकारही नसतो; समोरचा माणूस तो घेऊन दारापर्यंत जातो आणि तिथं त्याला कळतं की हातात काही नाही. राजश्रीला उंबऱ्यातच कळलं असावं. तिनं चपला घालता घालता मागं वळून विचारलं, "अण्णा, जोडीचा एक कोयता ह्ये ठरवलं कुनी?"

ते त्यांनीच ठरवलं होतं. धारूर आलं तेव्हा बस थांबली, खारे दाणेवाला खिडकीशी येऊन गेला, आणि गहिनीनाथरावांना मुंबईतली ती थंड खोली आठवली. पहिला करार. टेबलाच्या पलीकडं साहेब लोक, अलीकडं ते आणि संघटनेचे आणखी काही जण, एसीनं सगळ्यांचे पाय गारठलेले. एका अधिकाऱ्यानं पेनचं टोपण काढून विचारलं होतं, कोयता म्हणजे नक्की काय, एक माणूस की दोन? प्रश्न बरोबर होता. एकक ठरल्याशिवाय दर ठरत नाही. आणि गहिनीनाथराव ताडकन म्हणाले होते, "आमच्यात नवरा-बायकू दोन नसत्यात साहेब. मिळून एक." साहेब हसले होते. संघटनेचे लोक हसले होते. वाक्य फार चांगलं जमलं होतं. नंतर ते वाक्य त्यांनी कितीतरी भाषणांत वापरलं आणि टाळ्या घेतल्या. त्या हंगामात जानकीबाई कुठं होत्या? इथं पुढं आठवण थोडी अंधूक व्हायची. त्या फडात होत्या. युवराज पोटात होता. गहिनीनाथराव मुंबईला, म्हणजे कोयता अर्धा, म्हणून मुकादमानं त्यांना दुसऱ्या एका जोडीच्या मागं मोळ्या वाहायला लावलं होतं. हे त्यांना कुणीतरी नंतर सांगितलं. जानकीबाईंनी नव्हे.

"बायांचं काय ठरलं?" जानकीबाईंनी विचारलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

"दरवाढ झाली. चांगली झाली."

"ती कळली. बायांचं?"

"पुढल्या कराराला घेऊ म्हनले."

जानकीबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, त्यांना दिली, परत घेतली, झाकण लावलं. घाट सुरू झाला. बस एका अंगावर कलली आणि त्यांचा खांदा गहिनीनाथरावांच्या खांद्यावर आला. पुढच्या वळणाला यांचा त्यांच्यावर गेला. तेवढ्यात युवराजचा फोन आला.

"अण्णा, निघालात ना? चेअरमन साहेबांचा दोनदा फोन आलता. म्हनले, वडिलांना आठवन कर."

"बसमध्ये हाय."

"बसमध्ये? कावून? ह्ये बघा, तुमी गाडीतनं उतरायला पाहिजे हुतं. आता फाट्यावर तरी उतरा, मी कुनाला तरी पाठवतो, तितनं गाडीत बसून या. लोकं बघत्यात. आन् अण्णा, फक्त एक शब्द हाय. दुसरं काय बोलायचं न्हाई. त्या राजश्रीच्या नादी लागू नका."

"बरं," ते म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. युवराज वाईट मुलगा नव्हता. वडील पडले त्या दोन्ही निवडणुकांत त्यानं बूथवर उपाशीपोटी दिवस काढले होते, लोक कसे नजर चुकवतात ते जवळून पाहिलं होतं. त्याला काहीतरी मिळावं असं गहिनीनाथरावांना मनापासून वाटत होतं, आणि देण्यासारखं त्यांच्याकडं आता हा एक शब्दच उरला होता. त्यांनी तो मनातल्या मनात म्हणून पाहिला. निघा. त्यात काही चूक नव्हती. लोकांना निघायचंच होतं. दर वाढला होता. एक गोष्ट राहिली तर राहिली. करारात काही ना काही राहतंच. त्यांनी फाट्यावर उतरायचं टाळलं. पण का टाळलं याचा त्यांना उलगडा झाला नाही.

मैदानात ट्रॉल्यांची रांग लागली होती. पत्र्याच्या पेट्या, गुंडाळलेल्या ताडपत्र्या, शेळ्या, टोपलीखाली कोंबड्या. लाउडस्पीकरवरून कुणीतरी आवाज तपासत होतं. मुकादम रामेश्वर धावत आला, गाडी कुठं म्हणून इकडंतिकडं पाहिलं, आणि गाडी नसल्यामुळं पुढं काय करायचं हे त्याला सुचलं नाही. गाडी असती तर त्यानं दार उघडलं असतं. शेवटी त्यानं त्यांच्या हातातला कोयता घ्यायला हात पुढं केला, तो त्यांनी दिला नाही. जानकीबाई नेहमीसारख्या बायांच्या बाजूला गेल्या. कडेच्या लिंबाजवळ त्यांची जागा ठरलेली होती, ती अजून रिकामी ठेवलेली होती.

स्टेज म्हणजे एक ट्रॉलीच होती, बाजू खाली पाडलेली. राजश्रीनं माइक त्यांच्या हातात दिला. "बोला अण्णा. मान तुमचा हाय." तिच्या बोलण्यात टोमणा आहे का ते त्यांनी ऐकून पाहिलं, नव्हता. तेच जास्त टोचलं.

ते बोलले. दरवाढ सांगितली, पुरुषांच्या बाजूनं टाळ्या आल्या. आवाज अजून चांगला होता, लांबपर्यंत जात होता. मग मधूनच एक बाई उभी न राहता ओरडली, "आमचं काय झालं, अण्णा?"

"पुढल्या कराराला," ते म्हणाले.

"पुढल्या कराराला म्या काय तिरडीवरनं येऊ?" दुसरी कुणीतरी म्हणाली, आणि बायांत हसं पिकलं. हसण्यात राग नव्हता. त्यामुळं त्याला उत्तरही देता येईना. त्यांनी फडकं सोडलं, कोयता उजव्या हातात धरला आणि डोक्यावर उचलला. दांड्याच्या खाचा नेहमीप्रमाणं बोटांना टोचल्या.

"निघा!"

आणि त्यांची नजर लिंबाकडं गेली. शब्द तोंडातून निघाल्याबरोबर, त्यांनी न ठरवता, ती तिकडं गेली, आणि आपली नजर अशीच दर वेळी तिकडं जात आली आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं. शब्द म्हटला की ते तिकडं पाहायचे. जानकीबाई गुडघ्यावर हात टेकून उठायच्या, मागून लुगडं झटकायच्या. मग त्यांच्या शेजारची उठायची, मग तिच्या शेजारची, आणि अंथरलेलं गोधडं एका टोकाला धरून उचलावं तसा बायांचा सगळा पट्टा उठायचा. लोक उठलेले दिसायचे आणि त्यांना वाटायचं शब्दानं उठले. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडत होत्या, दर वर्षी, एकदाही न चुकता. त्यामुळं कशानं काय घडतंय हे तपासायची वेळच आली नव्हती.

आज जानकीबाई बसून होत्या. पदराला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत होत्या.

"निघा," ते पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज थोडा खाली आला. पुरुषांतले काही उठले, ट्रॉल्यांकडं चार पावलं गेले, मागं वळून आपापल्या बाईकडं पाहिलं आणि थांबले. बाईशिवाय पोचलेल्या पुरुषाला कारखाना घेणार नव्हता. तोही अर्धाच होता. हात अजून वरच होता. खिशात फोन घुमत होता. राजश्री ट्रॉलीच्या कडेला मान खाली घालून उभी होती.

रामेश्वर बायांच्या कडेला गेला. "मामी, उठा की. अण्णा काय म्हनत्येत, ऐकू यीना का?"

"आलं की ऐकू. म्या काय भैरी न्हाई," जानकीबाई म्हणाल्या.

गहिनीनाथरावांनी हात खाली घेतला. इथून ओरडून काही म्हणता आलं असतं. नवऱ्याच्या आवाजात म्हणता आलं असतं, आणि कदाचित ती उठलीही असती. त्यांनी माइक राजश्रीकडं दिला. ट्रॉलीवरून उतरायला कुणाचा तरी खांदा घेतला, कुणाचा ते पाहिलं नाही, आणि बायांमधून वाट काढत लिंबापर्यंत गेले. बाया पाय आखडून वाट देत होत्या. जानकीबाईंसमोर ते उभे राहिले, वाकले, हळू म्हणाले, "जानके, युवराजचं..."

"म्हाईत हाय. काल फोनवर बोलत व्हतात तवा म्या भाकरी थापत व्हते, मेले न्हव्हते."

"मंग?"

"मंग काय. धडधाकट हाय त्यो. करील काय तरी." त्यांनी आणखी एक कुसळ काढून टाकलं. "त्या साली त्यो पोटात व्हता तवा दुसऱ्याच्या मागं मोळ्या वाह्यल्या म्या. तवा कुनी तिकीट दिलं न्हवतं." मग त्यांनी वर पाहिलं. "बसा. उनात हुबं ऱ्हायचं न्हाई म्हनलाय डाक्टर."

शेजारच्या बाईनं सरकून जागा केली. ते बसले. जमीन तापलेली होती, आणि मांडी घालताना गुडघा कट्कन वाजला. फोन पुन्हा घुमू लागला. त्यांनी तो काढला, चेअरमनचं नाव पाहिलं, आणि पालथा करून मातीवर ठेवला. तो तिथंच थोडा थोडा सरकत राहिला आणि मग थांबला. कोयता अजून त्यांच्या हातात होता, पातं बाहेरच्या बाजूला.

"आना हिकडं त्ये," जानकीबाई म्हणाल्या. "उगं कुनाला तरी लागंल."

त्यांनी दिला. जानकीबाईंनी अंगठ्यानं पातं आडवं चाचपलं, "धार ग्येलीया," म्हणाल्या, आणि तो मांडीवर घेतला. बोटं खाचांत जाऊन बसली.

माइकवर राजश्रीचा आवाज आला. "करार पुन्यांदा बोलायला कारखान्यावर जायचंय. बायांतनं कोन कोन येनार, त्येवढं सांगा."

शेळी ओरडली. बायांच्या पाठींपलीकडं स्टेज दिसत नव्हतं, फक्त माइकची दांडी दिसत होती. मग गहिनीनाथरावांना आपल्या खांद्यावर भार जाणवला. जानकीबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात टेकला होता, आणि उठण्यासाठी त्यावर सगळा जोर दिला होता. खांदा थोडा खचला, त्यांनी तो ताठ केला.

"म्या येते," जानकीबाई म्हणाल्या आणि त्यांनी मागून लुगडं झटकलं.

मग गहिनीनाथरावांच्या दोन्ही बाजूंनी, मागून, पुढून, लुगड्यांचा आणि बांगड्यांचा तो ओळखीचा आवाज उठला. स्टेजवरून तो त्यांनी दर वर्षी ऐकला होता. इतक्या जवळून कधीच नाही.